मैत्रिणीसाठी विचारायचंय!

स्वयंपाकघरात प्लास्टिकचे डबे कसे आपोआप जमत जातात, तसे आमच्या केंद्रात किस्से जमतात. कुणी आणून ठेवत नाही, पण कपाट उघडलं की अंगावर पडतात!

कोल्हापुरात कोर्टापासून दहा मिनिटांवर, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या माडीवर आमचं महिलांसाठीचं मोफत कायदा मदत केंद्र आहे. तीस वर्षं वकिली केलेल्या कांबळे मॅडम ते चालवतात. तरुणपणी तालमीत घुमलेले मारुतीमामा अर्ज टाईप करतात. मी मॅडमच्या हाताखालची वकील, म्हणजे बहुतेक वेळा चहा सांगणारी. लोक विचारतात, "दिवसभर मारहाणीच्या गोष्टी ऐकून डोकं फिरत नाही?" फिरतं की! पण त्या बायकाच असं काही बोलून जातात की फिरलेलं डोकं परत जागेवर येतं.

नावं बदलली आहेत. बोलणं जसंच्या तसं.

*

आमच्याकडे स्वतःसाठी म्हणून सहसा कुणी येतच नाही. "माझ्या एका मैत्रिणीला विचारायचंय," अशीच सुरुवात होते. नव्यानं लागले तेव्हा मी भाबडेपणानं सांगायची, "मग मैत्रिणीलाच घेऊन या ना!" आणि बाई उठून जायची ती परत यायची नाही. मॅडम माझ्यावर जाम भडकल्या होत्या.

सुनंदा आली तीही अशीच. कबनूरच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये सुताच्या कांड्या भरायचं काम करणारी. खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाली, "मैत्रिणीला नवऱ्यानं घरातनं भाईर काढलंया. लेकीसकट."

मॅडमनी वहीतून डोकं वर न काढता विचारलं, "मैत्रिणीला लागलंय कुठं?"

सुनंदाचा हात आपसूक स्वतःच्या कोपरावर गेला.

"बरं," मॅडम म्हणाल्या, "मैत्रिणीला म्हणावं चहा घे, मग बोलू."

चहा झाल्यावर सुनंदा घडाघडा बोलली. कोल्हापुरात भावाकडं राहत होती, लेक दहावीला. हवं काय, तर एकच. "पोटगी नगं, वाटणी नगं. माज्या घरात माजी चूल पायजे. सतरा वर्सं मी सारवलंय त्ये घर."

*

आमच्यापर्यंत पोचायच्या आधी बाई कुठकुठं फिरून आलेली असते, हे मी हमखास विचारते. सुनंदा चौकीत गेलती. तिथं "जरा समजुतीनं घ्या" म्हणाले. एका पुढाऱ्याकडं गेलती, तो लग्नाला गेला होता. शेवटी भावाच्या घरी पैपावण्यांची बैठक झाली.

"बैठकीत काय झालं?"

"धा-बारा जण आलतं. जेवल्याबगर कसं पाठवायचं? मटण आणलं. तांबडा, पांढरा, समदं मीच केलं."

"तुझ्याच भांडणाची बैठक आणि स्वयंपाक तूच केलास?"

"मग दुसरं कोण करणार, ताई?"

"आणि निकाल काय लागला?"

सुनंदा म्हणाली, "रस्सा झकास झालाय, असा!"

*

मोफत वकील या गोष्टीवर आमच्या लोकांचा काडीचा विश्वास नाही. कुरुंदवाडची एक आजी नातीला घेऊन आली. मी समजावलं की बाईमाणसाला सरकारतर्फे वकील फुकट मिळतो, तो तुमचा हक्क आहे. आजीनं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"फुकट? मग केस हरलीस तर भांडू कुणासंगं?"

पुढच्या खेपेला आजी पिशवीभर वांगी घेऊन आली आणि टेबलावर ओतून म्हणाली, "आता झालीस तू आमची वकील. आता चुकलीस तर बघ!"

ती केस मी जितकी घाबरून लढले तितकी दुसरी कुठलीच नाही.

*

अर्जात शिवीगाळीचा एक रकाना असतो. नुसतं 'शिवीगाळ केली' चालत नाही, काय शब्द वापरले ते लिहावं लागतं. भल्या भल्या बायका इथं अडतात. पण एक कुरळ्या केसांची बाई अशी निघाली की तिनं डोळे मिटून एका दमात सगळ्या म्हणून दाखवल्या. आम्ही थक्क! आणि मागून मारुतीमामांचा आवाज, "सावकाश, ताई. टायपिंग हाय, टेपरिकॉर्डर न्हवं."

सगळं टाईप करून वाचून दाखवलं. बाईनं विचार केला आणि म्हणाली, "मामा, ह्यातल्या ह्या दोन काढा."

"का? दिल्या न्हाईत का?"

"दिल्या की. पण त्या दोन त्यो म्हशीला बी देतुय. खोटं कशाला बोलायचं?"

*

नवरे येतात ते तणतणतच येतात. सुनंदाचा नवरा तिच्या अर्जाची नोटीस हातात घेऊन जिना चढला तो ओरडतच, "कोण हाय त्यो वकील? भाईर या!"

मॅडम कोर्टात गेलेल्या, वकील म्हणजे मीच. मी टेबलाखाली वाकून पेन शोधायला लागले, खोटं कशाला सांगू. तेवढ्यात कोपऱ्यातले मारुतीमामा खुर्चीतून उठले. मामा उठायला जरा वेळ लागतो, कारण उठण्यासारखं बरंच आहे. सहा फूट उंची, फुटलेले कान.

"बसा की पावणं," मामा अगदी मायेनं म्हणाले. "च्या घेणार?"

पावणं बसलं. दोन कप चहा घेतला, आणि जाताना जिन्याचं दारही हळूच लावलं.

*

पण चहानं कोर्टात काही सिद्ध होत नाही. तिथं साक्षीदार लागतो. म्हणून मॅडम आणि मी कबनूरला सुनंदाच्या गल्लीत गेलो. घराला लागूनच मागाची शेड, दिवसभर खडखडाट. दारोदार फिरलो. प्रत्येकीनं बसवलं, पोहे दिले, आणि एकच उत्तर दिलं, "आमाला काय बी ऐकू येत न्हाय बाई. माग चालू असत्यात."

शेवटच्या घरातली बाई तर शपथेवर सांगत होती, कधी काही ऐकलंच नाही म्हणून. आम्ही चपला घालत होतो तेव्हा हळूच म्हणाली, "पर दिवाळीच्या आदल्या दिवशी जरा जास्तीच झालं हां."

कोर्टात यायला मात्र एकही तयार नाही. परतीच्या एस्टीत मला रडूच आलं. साक्षीदार नाही म्हणजे सुनंदाची चूल भावाच्याच घरी राहणार. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या.

*

आणि नवऱ्याकडं साक्षीदार होता. त्याची आई, तानाबाई. त्याच घरात, पलीकडच्या खोलीत राहणारी. 'मुलानं सुनेला मारलेलं मी कधीही पाहिलं नाही,' असं तिचं शपथपत्र मुलानं वकिलाकडून तयार करून, खाली अंगठा घेऊन कोर्टात दिलं होतं.

तारखेला तानाबाई डोक्यावर पदर घेऊन साक्षीला उभी राहिली. सुनंदा मागच्या बाकावर, मान खाली घालून. उलटतपासणीला कांबळे मॅडम उठल्या. मी त्यांचा कोट ओढला. सासू ती सासूच, उगाच काही विचारून आणखी खड्ड्यात कशाला जायचं?

मॅडमनी विचारलं, "आक्का, मुलानं सुनेला मारलेलं तुम्ही डोळ्यांनी पाहिलं नाही?"

"न्हाय. मी पल्याडच्या खोलीत."

समोरचे वकील हसले. नवरा ऐसपैस मागे टेकून बसला.

"मग ऐकलं का?"

तानाबाईनं तोंड उघडायच्या आत समोरचे वकील उभे! "न्यायाधीश मॅडम, भिंतीला लागून सोळा माग चालतात. तिथं माणसाला शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, ही म्हातारी काय ऐकणार?"

तानाबाई त्यांच्याकडं वळली.

"वकीलसायेब, माग मला नका सांगू. माग चालू असलं तरी त्यो आवाज कळतुय. ह्या पोराचा बाप मला मारायचा, तवा बी माग चालूच असायचं."

कोर्टात टायपिस्टचे हात थांबले. नवरा खाली बघायला लागला. न्यायाधीशबाई काही बोलणार, तेवढ्यात तानाबाईनंच पदर सावरून त्यांना विचारलं,

"झालं न्हवं? उतरू का आता? सुनंला घरला न्यायचीया. घर माज्या नावावर हाय."