धाकटा जावई आणि अठरा आकडे

माझा साडू म्हणजे सासूबाईंचा धाकटा जावई. त्याला आमच्या ऑफिसात मीच चिकटवला, म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा मीच पाडून घेतला. तो कधी आवाज चढवत नाही, चहाचा कप स्वतः विसळतो. सासूबाईंना नवा मोबाइल मी घेऊन दिला. त्याने त्यातली अक्षरं फक्त मोठी करून दिली, तर आठवडाभर कौतुक अक्षरांचंच. माझा जळफळाट होतो, उगाच नाही कशाला म्हणू?

रक्त तपासणाऱ्या एका लॅबसाठी आम्ही ब्राउझरमध्ये चालणारं ॲप बनवत होतो. प्रत्येक रुग्णाला दुसऱ्या कुणाशीही न जुळणारा ओळखक्रमांक द्यायचा होता आणि तो कसा असावा हे मी ठरवणार होतो. मी अठरा आकडी क्रमांक पक्का केला. थोरल्याचं डोकं चालतं, असं सासूबाईंनी एकदा तरी म्हणावं, एवढीच इच्छा होती. म्हणून ॲप आधी वापरून बघणाऱ्यांच्या यादीत त्यांनाही घातलं, त्यांचं रक्तही तपासून घेतलं.

साडू खुर्ची ओढून बसला. "दादा, क्रमांक छान आहे. फक्त सर्व्हरकडून तो आकडा म्हणून नका पाठवू, मजकूर म्हणून पाठवा. एवढा मोठा आकडा ब्राउझरला पेलत नाही, शेवटचे अंक परस्पर बदलतात."

हे मला माहीत असायला हवं होतं. पण त्याच्या तोंडून ऐकलं आणि डोकं सटकलं.

"आकडा तो आकडाच," मी म्हणालो. "तुझं शहाणपण तुझ्यापाशी ठेव."

रविवारी सगळे सासूबाईंकडे जेवायला बसलो होतो. त्यांनी हौसेने आपला रिपोर्ट उघडला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

"अगं बाई! सत्तराव्या वर्षी मला दिवस गेलेत म्हणे!"

बायको हसून हसून लोळायची बाकी राहिली. मी वाकून क्रमांक पाहिला. अंक बदलून भलत्याच बाईचा रिपोर्ट उघडला होता, आणि चाचणीच्या ॲपला दुसऱ्याचा रिपोर्ट उघडू न देणारी कुलपं अजून बसवायची होती.

"कुणाचा हा पराक्रम?" सासूबाईंनी विचारलं. मी पाण्याचा पेला तोंडाला लावला.

"माझ्याकडून राहिलं, आई," साडू म्हणाला. "दादांनी बरोबरच केलं होतं. उद्या दुरुस्त करतो."

आता तरी हा बोलणी खाईल, म्हणून मी कान टवकारले. सासूबाईंनी त्याला आग्रहाने वाढलं.

"चूक अशी चटकन कबूल करायला मोठं मन लागतं," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "शिका जरा."

आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या चुकीचं श्रेय हवं होतं.