लॉटीच्या एकोणचाळीस वह्या

लॉटी झेलिन्स्कीनं आणि मी शाळेच्या स्वयंपाकघरात एकवीस वर्षं शेजारी शेजारी उभं राहून बटाटे कुस्करले. तिच्याबद्दल कॉलेजातल्या लोकांनी बरंच लिहिलंय. मी काही लिहिणारी बाई नाही, पण त्यांनी जे लिहिलं ते वाचून गप्प बसवत नाही.

लॉटीला पिक्चरचं वेड होतं. वेड म्हणजे नट्यांचे फोटो भिंतीवर चिकटवण्याचं नव्हे. शनिवारी दुपारचा खेळ ती कधी चुकवायची नाही. आमच्या इरी शहरात बर्फ गुडघ्याएवढा पडायचा, बस बंद पडायच्या, तरी ही बाई नवऱ्याचे जुने बूट चढवून स्टेट स्ट्रीटपर्यंत चालत जायची. पर्समध्ये चॉकलेटात बुडवलेली स्पंज कँडी असायची. ती खेळ सुरू होण्याआधी संपवायची, कारण पडदा उजळल्यावर तोंडाचा आवाज करणं तिला देवळात शिंकण्याएवढं वाईट वाटायचं. घरी आली की स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून वहीत लिहायची. तारीख, थेटर, बरोबर कोण होतं, आणि मग मनात आलं ते.

मला ती कधीमधी वाचून दाखवायची. एका पिक्चरबद्दल तिनं लिहिलं होतं, “हा माणूस मुका घेताना डोळे उघडे ठेवतो. हिला फसवणार.” खाली दुसऱ्या शाईत, “फसवलं.” दुसऱ्या एका ठिकाणी, “घोडे छान. माणसं लाकडी.”

मी तिला एकदा चिडवलं होतं, “लॉटी, जुने पिक्चर किती चांगले होते गं! आता नुसता धांगडधिंगा.”

“गप गं,” ती म्हणाली, “जुन्यात पण निम्मा कचराच होता. तू कचरा विसरलीस एवढंच.”

आणि खरंच, साठी उलटल्यावरही ती नव्या पिक्चरला तेवढ्याच ओढीनं जायची. उडणारी माणसं, बोलणारी जनावरं, सगळं बघायची. एका धूमधडाक्याच्या पिक्चरमधून बाहेर पडताना माझं डोकं दुखत होतं, आणि ही म्हणते कशी, “तो म्हातारा दरवान पाहिलास? दोन वाक्यं होती त्याला. पण टोपी काढताना त्यानं आधी डोक्यावरचे केस चाचपले. टक्कल लपवणारी माणसं तसंच करतात. माझा भाऊ स्टॅश तसंच करायचा.” मी दरवान बघितलाच नव्हता.

तिचा नवरा कॅझ इंजिनांच्या कारखान्यात होता. दारू पिऊन मारणारा नव्हता, दारू पिऊन न बोलणारा होता. ते जास्त वाईट, असं लॉटी म्हणायची. तो गेला तेव्हा तिच्या वह्या एकोणचाळीस झाल्या होत्या, सत्तावन्न सालापासूनच्या.

मग दोन हजार तीन साली प्राध्यापक वेन्डेल क्रेग आले. चर्चच्या तळघरात शुक्रवारचं मासळीचं जेवण होतं. आपल्या मैत्रिणीची हुशारी कुणाला तरी दाखवावी म्हणून मीच शेजारच्या टेबलावरच्या या माणसाला सांगितलं, की ही बाई सेहेचाळीस वर्षं पिक्चरची वही लिहितेय. त्याचा जेवायचा काटा हातातच राहिला.

आठवड्याभरात तो लॉटीच्या घरी. उंच, मऊ आवाजाचा, कोपरांवर चामड्याची ठिगळं लावलेला कोट. लॉटीनं बटाट्याचं सारण भरलेले, करंजीसारखे पिरोगी तळले. त्यानं तीन बशा खाल्ल्या आणि वह्या चाळताना दोनदा डोळे पुसले.

“मिसेस झेलिन्स्की, तुमच्याकडे काय आहे याची तुम्हाला कल्पना नाही,” तो म्हणाला.

“आहे की,” लॉटी म्हणाली. “चाळीस पौंड कागद.”

तो खूप हसला. पुढचे चार महिने तो दर मंगळवारी यायचा. आपल्याला कुणी विचारतं, आपलं म्हणणं कुणी लिहून घेतं, याचं लॉटीला किती अप्रूप! केस कुरळे करून घ्यायला लागली. मी थट्टा केली तर लाजून म्हणाली, “फ्लो, पोरगा आहे तो माझ्यापुढं. पण ऐकतो गं. कॅझनं एवढं कधी ऐकलं?”

एका मंगळवारी तो खोकी आणि एक कागद घेऊन आला. वह्या कॉलेजात नेऊन नीट वाचायच्या आहेत, म्हणाला. लॉटीनं चष्मा शोधला नाही, सही केली. साक्षीदार म्हणून मला सही करायची होती. मी चष्मा लावला होता. कागदावर “कायमस्वरूपी देणगी” असं लिहिलेलं मी वाचलं. मला वाटलं, बरंच झालं, इथं तळघरात पाणी येतं, तिथं सुरक्षित राहतील. मी काही बोलले नाही. सही केली.

त्या वह्यांवरचं त्याचं पुस्तक यायला पाच वर्षं लागली. पहिल्या वर्षी त्यानं नाताळचं कार्ड पाठवलं, नंतर तेही बंद झालं. लॉटी म्हणायची, “कामात असेल.” या काळात तिनं नवी वही सुरू केली होती. मग पुस्तक आलं, आणि कॉलेजच्या सभागृहात दुपारी प्राध्यापकांचं भाषण असल्याचं आमंत्रण आलं. लॉटीनं निळा पोशाख इस्त्री केला. आम्हाला पुढची रांग दिली होती.

पुस्तकावर नाव त्याचं. लॉटीचं नाव आतही नव्हतं. आत होतं “श्रीमती झेड, शाळेच्या खानावळीतील एक कामगार.” लॉटी म्हणाली, “असं का बरं?” मी म्हटलं, “तुझी लाज राखायला असेल.” ती म्हणाली, “मी काय चोरी केलीय?”

भाषण सुरू झालं. तो छान बोलत होता. साधा प्रेक्षक पिक्चरमध्ये काय बघतो, कथा बघतो की कपडे, असं काहीतरी. मधूनमधून वहीतली वाक्यं वाचायचा आणि लोक हसायचे. पहिल्या दोनचार वाक्यांना लॉटीही हसली, ती हसण्यासाठीच लिहिलेली होती. मग तो म्हणाला, “आणि हे माझं सर्वांत आवडतं. मार्च त्रेसष्ट. श्रीमती झेड लिहितात, ‘काय पाहिलं आठवत नाही. नायिकेचा कोट चांगला होता.’”

सगळं सभागृह खदखदून हसलं.

तो दिवस मला माहीत होता. त्या दिवशी मीच गाडी चालवत होते. लॉटीला सातवा महिना होता. दवाखान्यातून बाहेर आली ती हातमोजे घालत आली, अगदी सावकाश, एकेक बोट. डॉक्टरनं सांगितलं होतं की ठोके नाहीत, आता घरी जा, कळा सुरू होतील तेव्हा या. मी म्हटलं, घरी नेते. ती म्हणाली, “घरी नको. पिक्चरला चल.” आम्ही दोघी बसलो. ती पूर्ण वेळ पडद्याकडे बघत होती आणि तिचे दोन्ही हात पोटावर होते. कॅझला तिनं जेवण वाढल्यावर सांगितलं. ते बाळ मुलगी होती. तिला नाव ठेवू दिलं नाही.

लॉटी उभी राहिली. “प्राध्यापक,” ती म्हणाली, “त्याच्या आधीची ओळ वाचा.”

तो गोंधळला, मग त्यानं तिला ओळखलं आणि त्याचा चेहरा उजळला. “मित्रहो, स्वतः श्रीमती झेड आपल्यात आहेत!” लोक टाळ्या वाजवायला लागले. लॉटी उभीच.

“आधीची ओळ,” ती पुन्हा म्हणाली.

त्यानं पुस्तक उघडलं, पान शोधलं. “ती... ती इथं नाहीये. काही भाग गाळावा लागतो, संपादनात.” मग हसून म्हणाला, “तुम्हीच सांगा ना! आठवते का?”

तीनशे माणसं तिच्याकडे वळून, गोड चेहरे करून बघत होती, नातवंडाच्या नाटकाला आल्यासारखी. लॉटीचं तोंड उघडलं. मग ती खाली बसली. पुन्हा टाळ्या झाल्या.

घरी जाताना गाडीत ती एवढंच म्हणाली, “त्यानं वाचली होती ती ओळ. वाचून गाळली.”

तिनं वह्या परत मागितल्या. पत्र पाठवलं, उत्तर नाही. फोन केला, तेव्हा कुणीतरी बाई म्हणाली की वह्या आता कॉलेजच्या संग्रहाच्या मालकीच्या आहेत, बघायच्या असतील तर वेळ घ्या. आम्ही वेळ घेतली. तिसऱ्या मजल्यावर थंडगार खोली. टेबलाशी एक तरुण बाई बसली होती. तिनं फॉर्म पुढे केला.

“संशोधनाचा विषय?”

“मी,” लॉटी म्हणाली.

“माफ करा?”

“मीच विषय. लिहा तसं.”

तिनं काय लिहिलं कोण जाणे. पर्स कपाटात ठेवायला लावली, पेन काढून घेतलं. एका वेळी एकच वही मिळेल म्हणाली. लॉटीनं त्रेसष्टची मागितली. वही करड्या पेटीतून आली, फोमच्या उशीवर ठेवली. लॉटीनं ते पान काढलं. मी तिच्या खांद्यावरून बघितलं. पेन्सिलीनं बारीक लिहिलं होतं, “डॉक्टर म्हणाले, ठोके नाहीत. फ्लोबरोबर गेले.” त्याखाली काय पाहिलं आठवत नाही, त्याखाली कोट. मार्जिनमध्ये कुणीतरी आकडा टाकला होता.

लॉटीनं पान धरलं आणि एका झटक्यात फाडलं. त्या शांत खोलीत केवढा आवाज झाला! तिनं घडी करून ते बाहीत सरकवलं.

ती तरुण बाई धावत आली. “अहो, हे काय करताय!”

“माझं आहे,” लॉटी म्हणाली.

“मॅडम, ही कॉलेजची मालमत्ता आहे.”

“ही माझी मुलगी आहे,” लॉटी म्हणाली.

त्या बाईला काही कळलं नाही. तिनं वरच्या साहेबाला बोलावलं. साहेब आला, पहारेकरी आला. पंचाहत्तर वर्षांच्या बाईला त्यांनी बाही उलटी करायला लावली. पान घेतलं, सरळ केलं, प्लास्टिकच्या पाकिटात घातलं. आठ दिवसांनी पत्र आलं की तिला यापुढे त्या खोलीत प्रवेश नाही. खाली क्रेगची सही नव्हती, त्याला कदाचित माहीतही नसेल. त्याचं पुढचं पुस्तक दुसऱ्याच कशावर तरी होतं.

पत्र टेबलावर ठेवून तिनं मला विचारलं, “फ्लो, तो कागद. तू चष्मा लावला होतास ना?”

“हो.”

“वाचला होतास?”

“नाही गं,” मी म्हटलं. “नीट नाही वाचला.”

तिनं माझ्याकडे बघितलं. खोटा मुका घेणाऱ्याला अंधारात ओळखणारी बाई ती. मग तिनं कॉफी ओतली.

त्यानंतर आम्ही चार-पाच वेळा पिक्चरला गेलो. बाहेर पडल्यावर मी विचारायचे, “कसा वाटला?” ती म्हणायची, “ठीक.” एकदा म्हणाली, “बघता बघता मला वाक्यं सुचतात. मग वाटतं, हे तो लोकांना वाचून दाखवेल. मग मी बघणंच सोडून देते.” नवी वही तिनं सिंकमध्ये जाळली. धुरानं छताला डाग पडला, तो तिनं स्टुलावर चढून पुसला. नंतर शनिवारी मी एकटीच जायला लागले, मग मीही सोडलं.

शेवटची दोन वर्षं ती वृद्धाश्रमात होती. तिथल्या दिवाणखान्यात मोठा टीव्ही आहे आणि दुपारी त्यावर जुने काळे-पांढरे पिक्चर लावतात. मी जायचे तेव्हा लॉटीची चाकाची खुर्ची नेहमी टीव्हीकडे पाठ करून, गाड्या लावायच्या आवाराकडे तोंड करून असायची.

तिथली एक मदतनीस, टॅमिका, भली बाई होती. एकदा मला म्हणाली, “मी त्यांना वळवते, आणि त्या ओरडतात. त्यांना पिक्चर आवडत नाहीत का हो?”

टीव्हीवर कुणीतरी कुणाला तरी निरोप देत होतं, व्हायोलिन जोरात वाजत होतं. लॉटी बाहेर बघत होती. एक माणूस गाडीची काच खरवडत होता.

“नाही,” मी म्हटलं. “राहू दे तिला अशीच.”