दृष्ट काढायचा गृहपाठ

आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात पोहोचलेला मी पहिलाच, आणि एवढ्यावर कुणाचं व्यक्तिचित्र लिहायला बसणं हा आगाऊपणाच. पण पाटकर बाईंबद्दल दुसरं कोण लिहिणार?

लालबागच्या आमच्या शाळेत शनिवारी दुपारी त्या पालकांचा वर्ग घ्यायच्या. दारातच हुकूम असे, "चपला बाहेर, मोबाइल पिशवीत." बसायला पहिलीच्या मुलांचे बाक. गुडघे हनुवटीला टेकलेल्या मोठ्या माणसांना त्या विचारायच्या, "आता कळलं, मुलं का चुळबुळतात?"

माझा धाकटा भाऊ सोहम तेव्हा दुसरीत होता. तो चावायचा, दुसऱ्यांची दप्तरं खिडकीतून फेकायचा. दिवाळीपर्यंत फरक पडला नाही तर दुसरी शाळा बघा, असं मुख्याध्यापिकांनी सांगितलं होतं. पप्पांनी शाळेऐवजी देवगडचा मामा बघून ठेवला. "गावाला टाकू. सरळ होईल." त्या दिवशी आई जेवली नाही. एकटीने वर्गाला जायला ती लाजायची, म्हणून मी सोबत जायचो.

बाई पालकांना मुलं बनवायच्या आणि स्वतः आई व्हायच्या. एकदा शेजारच्या चाळीतले सावंतकाका हट्टी मुलगा झाले. ते इतके रंगले, की फरशीवर लोळून "कुरकुरे पायजेत!" असे ओरडले आणि शिपाई धावत आला. बाई नुसत्या जवळ बसून राहिल्या. काका दमून उठले तेव्हा म्हणाल्या, "ओरडणं थांबवलंस, बरं केलंस. आता सांग." काका आईच्या आठवणीने डोळे पुसत म्हणाले, "माका आवशीन असा कदी म्हटल्यान नाय."

गृहपाठ एकच. मुलाने काही चांगलं केलं की लगेच तोंडावर सांगायचं. "नुसतं 'शहाणा' म्हणू नका," बाई बजावायच्या. "काय केलं ते बोला. खोड्या आपोआप दिसतात हो, चांगलं शोधावं लागतं."

आईने गृहपाठ केला. "सोहम, चपला जागेवर ठेवल्यास, मला आवडलं," असं म्हणाली आणि लगेच मीठ, मोहरी, लाल मिरच्या घेऊन त्याची दृष्ट काढली. रोज कौतुक, रोज दृष्ट. अख्खा मजला खोकू लागला.

पुढच्या शनिवारी तिने घाबरत सांगून टाकलं, "बाई, तोंडावर कौतुक केलं की नजर लागते ना, म्हणून..."

आता बाई हसणार, असं मला वाटलं. त्यांनी विचारलं, "तेव्हा सोहम काय करतो?"

"गप बसतो. माझ्या तोंडाकडे बघत."

बाई खुर्चीतून उठल्याच. "अहो, मग काढा की रोज! त्याने काय चांगलं केलं ते ओवाळताना म्हणा. फक्त मिरच्या वगळा. शेजारी जगले पाहिजेत."

मग आमच्या घरी नवीच दृष्ट निघू लागली. "दप्तर आवरलं त्याची, पेन्सिल परत दिली त्याची..." पुढे सोहम स्वतःच पाटावर येऊन बसायचा. "आई, आज कुणाला चावलो नाही. काढ."

दिवाळीच्या तोंडावर आई बाजारात गेली होती. मी पुस्तकात डोकं घालून बसलो होतो. सोहम पप्पांसमोर बसला, "तुम्ही काढा." पप्पांनी अवघडत मुठीत मीठ घेतलं. तीनदा ओवाळायला हात उचलला, तीनदा खाली घेतला; सोहम पाटावरून हलला नाही. मग म्हणाले, "माझी वाट बघत थांबला, त्याची." दुसऱ्या दिवशी त्यांनी मामाला फोन केला, "सुट्टीत येतो. सगळेच."

मग बाई निवृत्त होऊन मुलीकडे गेल्या, नंबर बदलला. सोहम आता त्याच शाळेत सातवीत आहे, हे त्यांना कळवायचं राहूनच गेलं.

गेल्या महिन्यात आईचा फोन वाजला. "सोहमची आई ना? अहो, माझा नातू बालवाडीत चावतो. माझं सगळं शिकवून झालं, पण आजीचं ऐकतोय कुठे! ती दृष्ट कशी काढायची, सांगा बघू नीट."

आई भिंतीला टेकून बसली. मीठ, मोहरी, पाट, सगळं सावकाश सांगितलं. मग थेट बाईंच्याच आवाजात म्हणाली, "आणि मिरच्या वगळा."