फ्लेक्सवरचा नंबर

रोहिणी आज दुसऱ्यांदा चौकात फ्लेक्सवर लागली.

फोटो तोच. काळा कोट, चेहऱ्यावर थोडी धाकधूक. पहिल्यांदा वर 'हार्दिक अभिनंदन' होतं. आज 'प्रथम पुण्यस्मरण' आहे.

दोन्ही वेळचा मजकूर माझाच.

रोहिणी आमच्या शेजारच्या अण्णांची मुलगी. मला दादा म्हणायची. बी.कॉम. झाली, मग धाराशिवला एका सीए सरांकडं तीन वर्षं आर्टिकलशिप केली आणि चौथ्या अटेम्प्टला सीए झाली. पुण्यात नोकरी मिळत होती. नको म्हणाली. लोहाऱ्यातच ऑफिस टाकलं.

"इथल्या माणसानं एका सहीसाठी धाराशिवची एसटी का धरायची, दादा?"

ओपनिंगच्या आधी अण्णा माझ्याकडं आले. साखर कारखान्यात काट्यावर आयुष्य काढलेला माणूस.
"तू पेपरात लिहितूस. पोरीचं जरा झकास लिव."

लिहिलं. 'तालुक्याची शान. टॅक्स व ऑडिटची सर्व कामे खात्रीशीर केली जातील.' खाली पत्ता आणि मोबाइल नंबर.

तिचा लगेच फोन.
"दादा, अभिनंदन ठेवा. कामं आणि नंबर काढा. आम्हा सीएंना जाहिरात चालत न्हाय. थेट सर्टिफिकेटवर येतं."
"अगं, नंबर नसला तर लोक येणार कसे? किराणावालासुद्धा टाकतो."
"मी किराणा दुकान काढलंय व्हय?"
"बरं बाई, काढतो."

काढला नाही. पेपरची पानं सोडायची घाई होती. फाइल तशीच छापायला गेली.

रिबन सरांनी कापली. रोहिणी त्यांच्या पाया पडली. अण्णा वयानं मोठे, तरी तेही वाकले. जाताना सरांनी फ्लेक्सचा मोबाइलवर फोटो घेतला.
"छान झालाय. असू द्या आठवण."

तोच फोटो पुढं तक्रारीला जोडलेला होता.
तक्रारीवर सही सरांची. लोहाऱ्यातली निम्मी कामं तोवर त्यांच्याकडं जायची.

दिल्लीहून सीएंच्या संस्थेचं चौकशीचं पत्र आलं, ते घेऊन ती माझ्याकडं आली. रडली वगैरे नाही.
"दादा, तुमचं एक अ‍ॅफिडेव्हिट लागंल. फ्लेक्स तुम्ही लावला, मी नंबर नको म्हटलं होतं. चार ओळी पुरेत. पण मुदतीत पाहिजे. माझं सर्टिफिकेट त्याच्यावर हाय."
"उद्या देतो."

अपघाताची बातमी मी वीस मिनिटांत लिहून देतो. या चार ओळी मला होईनात. स्वतःचा मूर्खपणा स्टॅम्प पेपरवर लिहायची लाज वाटली, दुसरं काही नाही.

तिनं दोनदा आठवण करून दिली. दोन्ही वेळा मी 'उद्या' म्हणालो.
तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही. शेवटच्या दिवशी स्वतःच लिहून पाठवलं : चूक माझी आहे.

"असं का लिहिलंस?" मी विचारलं.
"खोटं कुठंय? तुमच्यावर भरवसा मी ठेवला. चूक माझीच की."

गावात वास लागायला वेळ लागत नाही. चहाच्या टपरीवर मी स्वतः ऐकलंय.
"मॅडमची दिल्लीत चौकशी लागलीय म्हणं."
"सीए तरी हाय का खरी? बघा बरं."
सगळे हसले. मीही चहा संपवून उठलो.

मग लोक नम्रपणे फाइली परत मागायला येऊ लागले. "राग मानू नका मॅडम, आमचं सरांकडंच बरं हुतं."

दुपारी अण्णा डबा घेऊन ऑफिसात जायचे.
"आज कोण आलतं का गं?"
"आलते की. लई गर्दी हुती."

तक्रार कुणी केली हे तिनं अण्णांना कधीच सांगितलं नाही.
"त्यांनी सरांचे पाय धरलेत, दादा. आता कसं सांगू?"

निकाल लागायच्या आत तिला डेंग्यू झाला. सहा दिवसांत सगळं संपलं.

नंतर पत्र आलं. सदस्य मयत, प्रकरण बंद.
निर्दोष, असं त्यात कुठंही नव्हतं.

काल अण्णा परत आले.
"वर्ष झालं. जुनीच फाइल घे. वरचं तेवढं बदल."
मी विचारलं, "कामं आणि नंबर काढू का?"
"कामं काढ. नंबर ऱ्हाऊ दे. मी रिचार्ज मारतो अजून. आता कोण तक्रार करतंय?"

मग दारातून वळून म्हणाले, "आन् खाली सरांचा फोटो पहिला टाक. त्यांनीच घडवलं माझ्या पोरीला."

मी टाकला.
आज सकाळपासून सर चौकात तिच्या पायाशी हात जोडून उभे आहेत.

रोहिणी, तू मागितलेल्या चार ओळी या.

फ्लेक्स मी लिहिला आणि मीच लावला.
तिनं नंबर नको म्हणून स्पष्ट सांगितलं होतं.
काढतो म्हणालो आणि काढला नाही.
तिची काही चूक नव्हती.

खाली माझं नाव आहेच. मुदत केव्हाच संपलीय, तेही माहीत आहे.

अण्णा फेसबुकवर नाहीत. त्यांना उद्या सांगतो, असं लिहिणार होतो.
ते खोडलं. ही पोस्ट टाकून त्यांच्याकडंच निघालोय. फ्लेक्स ठेवायचा की उतरवायचा, ते ठरवतील.

रोहिणी, तुला अखेरचा नमस्कार.