उणे एक

सांगलीत डीटीपीच्या दुकानात कामाला होतो तेव्हा मी स्वतःला फार हुशार समजायचो. लग्नपत्रिका जुळवून कंटाळा आला की सी भाषेत छोटे प्रोग्राम लिहायचो. त्यातला एक झाडलोटीचा होता. तो तात्पुरत्या फाइलींच्या टेम्प नावाच्या डिरेक्टरीत, म्हणजे फोल्डरमध्ये, जाऊन तिथल्या सगळ्या फाइली पुसायचा.

चालू असलेला प्रोग्राम नेहमी कुठल्यातरी डिरेक्टरीत उभा असतो. नुसतं 'पूस' म्हटलं की तो उभा आहे तिथलंच पुसतो. त्याला दुसरीकडे न्यायचं तर ऑपरेटिंग सिस्टिमला विनंती करावी लागते. नेलं तर ती शून्य असं उत्तर देते, जमलं नाही तर उणे एक. मी विनंती लिहिली होती, पण उत्तर तपासायची ओळ लिहिली नव्हती. टेम्प कुठे पळून जाणार आहे, हा माझा माज.

त्या दिवसांत पलूसहून दर गुरुवारी एक काका यायचे. मूळचे माण तालुक्यातले, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. हात थरथरायचे, म्हणून ते आपली हकीकत सांगायचे आणि मी टाइप करायचो. घरच्यांनी धम्मदीक्षा घेतली, मेलेली ढोरं ओढायचं सोडलं, तेव्हा गावानं त्यांचं पाणी तोडलं. त्याच उन्हाळ्यात त्यांची आई गेली. कशी गेली, ते त्यांनी एका गुरुवारी तीनदा थांबत थांबत सांगितलं. त्या दिवशी माझ्या हातून दुसरं काम झालं नाही.

पुढच्या आठवड्यात मालकांनी डिस्कवर जागा करताना रिकामी दिसली म्हणून टेम्पच काढून टाकली. मला पत्ता नव्हता. दुपारी काकांच्या डिरेक्टरीत बसून दुरुस्त्या करत होतो, तिथूनच झाडलोट चालवली. सिस्टिमनं उणे एक सांगितलं असणार. प्रोग्राम जागचा हलला नाही, आणि सहा महिन्यांचं सांगणं तिथल्या तिथे पुसलं गेलं. फ्लॉपीवर प्रत घेऊ घेऊ म्हणत मी कधी घेतलीच नव्हती. परत मिळवायची खटपट केली, पण वाचता येईल असं काही निघालं नाही.

"अति शहाणा त्याचा बैल रिकामा," मालक म्हणाले. मी ऐकून घेतलं.

गुरुवारी काकांसमोर मी प्रोग्राम, डिरेक्टरी असं काहीबाही बरळलो.

"म्हंजी माझं पुसलं गेलं, आसंच न्हवं?"

"हो काका. माझ्या चुकीनं."

त्यांनी खुर्ची माझ्या कॉम्प्युटरजवळ ओढली. मग म्हणाले, "आसू दे. पयल्यापास्नं घे."

त्यांनी पुन्हा सगळं सांगितलं. आईपाशी आले आणि म्हणाले, "त्या उन्हाळ्यात आई वारली. लिवलंस? फुडं घे."

"मला सगळं आठवतंय, काका. मी लिहितो, तुम्ही नुसतं ऐका."

"न्हाई. ते येकदाच सांगायचं व्हतं. आता जीव न्हाई माझ्यात."

मला रडू आलं. मी पुढची ओळ घेतली.

पुस्तक छापून झालं. दोनेक वर्षांनी काका गेले. त्यानंतर त्यांची लेक ते पुस्तक घेऊन दुकानात आली. काकांच्या आईचं पान उघडून तिनं त्या एका ओळीवर बोट ठेवलं.

"आमच्या आज्जीचं दादांनी येवढंच सांगितलं व्हतं व्हय?"

काकांचं 'न्हाई' मला ऐकू येत होतं. मी हो म्हणालो.