न सुटणारा उपास

जगदेवीअक्काच्या मेसमधून कुणी अर्धपोटी उठलं की ती भांडायलाच उठायची. ट्यूशनच्या पोरी "मावशी, बास!" म्हणून ओरडायच्या, तरी ही ताटात आणखी एक भाकर टाकणारच. मी बानो. तिच्या मेसखालीच माझं शिवणाचं मशीन. लातुरात मेस ढिगानं हाईत, पण खाऊ घालायची असली खाज मी दुसरीकडं बघितली न्हाई. खाज म्हणते खरं, पण कारण मला ठाऊक हाय. भूकंपात तिची सहा वर्षांची दानम्मा गेली. आदल्या रात्री पोरगी रुसून उपाशीच झोपली होती. अक्का म्हणाली, राहू दे, सकाळी खाईल. पहाटे घर बसलं.

गेल्या साली अहमदपूरची ऋतुजा मेसला आली. गोल चेहऱ्याची, हसरी. दिवाळीपर्यंत चांगली जेवली. सुट्टीहून परतली आन् उपास सुरू. सोमवार, गुरुवार, शनिवार, मधे चतुर्थी, एकादशी. "डॉक्टरकीला नंबर लागावा म्हणून धरलेत, मावशी."

अक्का विरघळलीच. लई देवाधर्माची बाई ती! ऋतुजासाठी वेगळी भगर, शेंगदाण्याची आमटी करायची, आन् बाकीच्या पोरींना सुनवायची, "बघा जरा ऋतुजाकडं. न्हाईतर तुम्ही, सारखं तोंड चालू." ऋतुजाची आईबी फोनवर खूश. ऋतुजा भगर नुसती चिवडायची. पुढं तर म्हणे निर्जळी.

एक दिवस पोरगी कुर्ता आवळून घ्यायला आली. महिन्याभरानं परत हजर, तोच कुर्ता घेऊन. माप घ्यायला टेप फिरवला तर बरगड्या हाताला लागल्या. या अल्ला! हातावर बारीक लव आलेली, केस तर ओढणीवर गळून पडलेले.

"अगं, आजारी हायस का?"

आरशात बघून ती म्हणते, "बानोमावशी, अजून पोट दिसतंय ना?" क्लासातल्या पोरांनी तिला 'पोतं' नाव ठेवलं होतं. त्या मेल्यांना काय हसायला लागतंय!

मी मशीन सोडून तडक वर गेले. "अक्का, आमचा रोजा दिवस बुडला की मगरिबला सुटतो. तुमचाबी उपास सुटतोच की. ह्या पोरीचा कधी सुटतो? सोडताना बघितलंस कधी तिला?"

"देवाचं हाय बानो, तू मधे पडू नको," अक्का भडकली. पण आमटीतला तिचा डाव थांबला. तिनं कधीच बघितलं नव्हतं.

त्याच आठवड्यात ऋतुजा क्लासच्या जिन्यात कोसळली. दवाखान्यात तिच्या पिशवीत जुलाब व्हायच्या गोळ्या निघाल्या. डॉक्टर म्हणाले, उपाशी राहून काळजाचे ठोके बिघडलेत. आई अहमदपूरहून धावत आली आन् एकच विचारायला लागली, "उपासात गोळ्या कशाच्या?" मी तिला बाकावर बसवलं.

अक्का पेजेचा चमचा धरून उशाशी बसली. "खा गं माय."

"जाड होईन मावशी." पोरीनं तोंड फिरवलं.

तेव्हा अक्कानं तिला दानम्माचं सांगितलं. माझ्याशिवाय लातुरात ते कुणाला सांगितलं नव्हतं. सांगताना तिच्या हातातली पेज चादरीवर सांडत होती. ऋतुजानं रडत रडत दोन चमचे घेतले. तेवढ्यावर अक्काचा चेहरा असा खुलला की मलाच रडू आलं.

जेवणाच्या वेळेला आम्ही दोघी मेसवर परतलो. पंगत बसली होती, पण तीन पोरींची ताटं पालथी.

"आमचा उपास हाय, मावशी."

"बुधवारी कसला गं उपास?" मी ओरडले.

त्यातली एक खाली बघून म्हणाली, "मावशीच म्हणायच्या ना, ऋतुजाकडं बघा म्हणून."

अक्कानं तिन्ही ताटं स्वतः सरळ केली, वाढली. एकीनंबी हात लावला न्हाई. मग ती आपलं ताट घेऊन त्यांच्यासमोर मांडी घालून बसली. म्हणाली, "माझं चुकलं गं पोरींनो. आता तुम्ही खाल्ल्याशिवाय मीबी खात न्हाई."

भाकरी गार झाल्या तरी चौघी तशाच बसून होत्या.