साहेबीणबाईंची पीयूसी

आमच्या घरात सगळ्यात जास्त मान एका मोटारीला आहे. तिच्याखालोखाल माय, मग आण्णा, मग माझी बायको सुजाता, आणि उरलाच तर थोडा मला.

मोटार म्हणजे गोल नाकाची, दुधी रंगाची, गियरचा दांडा स्टेअरिंगला चिकटलेली जुनी बया. आण्णा, म्हणजे माझे वडील, वाळूजच्या एका कंपनीत मोठ्या साहेबांचे ड्रायव्हर होते आणि ही साहेबांची गाडी. वीस वर्षं आण्णांनी तिचं मागचं दार साहेबांसाठी उघडलं. साहेबांनी नवी गाडी घेतली त्याच महिन्यात आण्णा रिटायर झाले, तेव्हा ही त्यांनी आण्णांनाच देऊन टाकली. आण्णा ती घेऊन बजाजनगरात घरी आले, दारापुढं थांबवली, खाली उतरले, मागचं दार उघडलं आणि मायला म्हणाले, "बसा." माय भाकरी थापत होती. तशीच पिठाच्या हातानं बाहेर आली आणि बसली. अख्खी गल्ली बघत होती. त्या दिवसापासून गाडीचं नाव पडलं साहेबीण. आजही माय कुठं निघाली की आण्णा आधी उतरून तिच्यासाठी दार उघडतात. माझ्यासाठी कधी उघडलं नव्हतं.

मी त्याच कंपनीत क्वालिटी खात्यात आहे. म्हणजे दुसऱ्यानं केलेल्या कामात चुका काढायचा मला पगार मिळतो. ही खोड घरीही सुटत नाही. साहेबीण सुरू झाली की गल्लीतल्या बायका दोरीवरचे कपडे काढून घेतात, इतका धूर. आमच्या दारातली एकुलती एक सावली तिनं बळकावलेली, आणि माझी मोटारसायकल उन्हात भाजत उभी. त्यात यंदा तिच्या नोंदणीची मुदत संपत आलेली. नवी नोंदणी हवी तर आधी पीयूसी पाहिजे, म्हणजे धूर मोजून घेऊन पास झाल्याचा कागद. मी एकदा भाजलेल्या सीटवर बसलो आणि तसाच तिरमिरीत घरात जाऊन जाहीर केलं, की पीयूसी पास झाली तर ठेवू, नाही तर भंगारात देऊ. नुसतं बोलून थांबलो नाही (मी थांबत नाही), भंगारवाल्याला रविवारी यायलाही सांगून टाकलं.

आण्णा भांडतील असं वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, "बरं. पण दोर बांधून ओढत नेऊ देणार नाय. मी सोता चालवत नेऊन देईन."

त्या दिवशी जेवताना सुजातानं माझ्या ताटात भाजी वाढली नाही, ती मी आपली आपण घेतली. मला तेव्हाच पश्चात्ताप झाला होता. पण क्वालिटीवाल्यानं नापास केलेला माल परत घ्यायचा नसतो, अशी आपली एक समजूत.

पहिल्या खेपेला साहेबीण नापास झाली. घाटाच्या वाटेवर एक पेट्रोलपंप आहे, तिथं शेडमध्ये जाधवभाऊ पीयूसीचं मशीन घेऊन बसतात. त्यांनी सायलेन्सरमध्ये नळी घातली, आण्णांनी गाडी सुरू केली, आणि शेजारच्या भजीवाल्यानं परातीवर आधी फडकं टाकलं, मग स्वतःच्या तोंडावर. पंपावरचा माणूस वाळूची बादली घेऊन धावत आला. आकडे बघून जाधवभाऊंनी चष्मा पुसला आणि पुन्हा बघितले. अशी गाडी पास केली तर मशीनच आपल्यावर केस करेल, असं ते म्हणाले.

मग आम्ही मुनीरचाचांकडं गेलो. हे साहेबिणीचे खानदानी मिस्त्री. त्यांनी प्लग बदलले, कार्बोरेटर धुतला, तासभर एका स्क्रूशी खुसपुसत बसले आणि मग आण्णांना समोर उभं करून बजावलं, की इंजिन थंड असलं तर ही कधीच पास होणार नाही. घाट चढवून तापवायची आणि तशीच सुरू अवस्थेत मशीनला लावायची. "बंद नक्को करना, उस्ताद. बस, इत्ताच काम करो!"

एवढंच काम. आता इथं आण्णांची गोष्ट सांगायला पाहिजे. उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवणारा ड्रायव्हर म्हणजे चोर, असं आण्णांचं मत आहे. साहेबांच्या पेट्रोलचा थेंबन् थेंब त्यांनी वाचवलेला. गाडी थांबली की त्यांचा हात आपोआप किल्लीवर जातो. फाटक असो, सिग्नल असो, म्हैस आडवी येवो. डोक्याला विचारायची वेळच येत नाही.

शनिवारी सकाळी निघालो. शेवटचा दिवस. खरं तर आण्णांनी आणि मी खुलताबादपर्यंत घाट चढून परत फिरायचं, एवढाच बेत होता. पण आमच्या घरात रिकामी गाडी पळवणं हे पाप समजतात. माय म्हणाली, गाडी घाटात जातीच हाय तर पुढं वेरूळला जाऊन लेण्यातल्या बुद्धाच्या पाया पडून येऊ, साहेबिणीसाठी दोन शब्द बोलते. माय येणार म्हणून सुजाता आली. सुजाता आली म्हणून डबा आला, चटई आली, पाण्याचा कॅन आला.

वेरूळला आम्ही तिघं लेण्यात गेलो आणि आण्णा इंजिन सुरू ठेवून गाडीत बसले. बसायचं ठरलं होतं, असं म्हणू. आम्ही परत आलो तर गाडी गप्प आणि आण्णा डोळे मिटून. मी विचारलं तर म्हणाले, "पाचच मिनटं बंद केली. लई जीव जळत होता." परतीचा चढ अजून बाकी होता, म्हणून मीही फार ताणलं नाही. झाडाखाली बसून डबा खाल्ला, मायनं जरा पाठ टेकली, आणि उन्हं कलल्यावर निघालो. खुलताबादच्या चढाला बिचारी पुन्हा मस्त तापली. बॉनेटवर भाकरी भाजावी अशी. आता फक्त उतार, खाली दौलताबाद आणि पुढं पंप. साडेचार वाजले होते, जाधवभाऊ सहाला शटर ओढतात. सगळं हिशेबात होतं.

उतारावर कमाल झाली. गाडी अशी काही शांत चालायला लागली की मायच्या बांगड्यांचा आवाज ऐकू यावा. मी मागं वळून सुजाताला समजावून सांगितलं, की याला म्हणतात ट्यूनिंग. इंजिनचा आवाज हीच इंजिनची क्वालिटी असते, आणि माझ्या कानाला हे लगेच कळतं. घाट संपेपर्यंत माझं हे व्याख्यान चाललं. सुजाता मान डोलवत होती.

घाट संपला तसा आण्णांनी खाकरून घसा साफ केला. "मिलिंदा, इंजिन बंदच हाय. उतारावर चालू ठेवायची मला सवय नाय."

मी मान पुढं वळवली आणि कान देऊन ऐकलं. साहेबिणीचा आवाज नव्हताच.

पंपावर पोचलो तोवर ती चांगली गार झाली होती. जाधवभाऊंनी नळी घातली, बाहेर काढली आणि नुसती मान हलवली. पाच वाजून गेले होते. आण्णा खाली उतरले, बॉनेटवर हात ठेवून जरा वेळ उभे राहिले आणि किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाले, "तू चालीव. माझा हात ऐकत नाय. माझ्याच हातानं घालवली मी तिला."

आण्णांचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. भंगारवाल्याला मी बोलावलं होतं, आण्णांनी नाही.

सहाच्या आत पुन्हा घाट चढवून तिला तापवून आणायचं ठरवून मी स्टेअरिंगला बसलो. एक गोष्ट मात्र कुणाला सांगितली नाही (कुणी विचारलं नाही!), की ही गाडी मला चालवता येत नाही. स्टेअरिंगला गियर असलेली गाडी मी आयुष्यात चालवली नव्हती. पहिला गियर पडला तो नशिबानं. दुसरा मी दौलताबादपर्यंत शोधला. दांडा वर केला, खाली केला, एकदा वायपर सुरू झाले. शेवटी नाद सोडला आणि पहिल्याच गियरमध्ये घाट चढायला लागलो. साहेबीण किंचाळत होती. मागं ट्रक, टमटम, एक वऱ्हाडाची बस, सगळे हॉर्न वाजवत होते. आण्णा शेजारी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलेले, म्हणजे किल्लीकडं जायला नको. माय मागून मला धीर देत होती आणि मी पहिल्यांदाच सुजाताला क्वालिटीबद्दल काही सांगत नव्हतो. अर्ध्या घाटात कशीबशी गाडी वळवली आणि उतारही पहिल्याच गियरमध्ये उतरलो. दुसरा काही सापडला नव्हता.

सहाला दहा कमी असताना पंपात शिरलो, तेव्हा बॉनेटमधून भट्टीसारखी धग येत होती. आण्णा दार उघडून उतरले आणि थेट भजीवाल्यापाशी जाऊन पाठ करून उभे राहिले. मायनं मागच्या सीटवरून वाकून किल्लीवर हात ठेवला आणि मला सांगितलं, की आता तुझा बाप आला तरी ही बंद होत नाय.

जाधवभाऊंनी नळी घातली. आकडे वर गेले, थरथरले, खाली आले, थांबले. त्यांनी चष्मा पुसला. मशीनमधून कागद बाहेर आला.

"पास," ते म्हणाले. "असं इंजिन तापवायला फार मोठा ड्रायव्हर लागतो. कुणी आणली?"

मी पुढं होणार तेवढ्यात सुजातानं माझा शर्ट मागं ओढला. आण्णा आले. कागद त्यांनी दोन वेळा वाचला, डोळ्यांना रुमाल लावला आणि धूर लई हाय म्हणाले. धूर मुळीच नव्हता. मला मात्र इतकं हलकं वाटलं की मी तिथल्या तिथं भजी मागवली, जाधवभाऊंनाही खाऊ घातली. मग आण्णांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि अख्ख्या दिवसाचा श्वास सोडला.

तिथंच गोष्ट संपायला पाहिजे होती. पण भजी खाता खाता जाधवभाऊंनी विचारलं, घरात आणखी कुठली गाडी आहे का. आण्णांनी भोळेपणानं माझ्या मोटारसायकलचा नंबर सांगितला. जाधवभाऊंनी तो टाकून बघितला, तर तिची पीयूसी संपून आठ महिने झाले होते. रविवारी भंगारवाला आला, त्याला आण्णांनी चहा पाजून परत पाठवलं. सोमवारी मोटारसायकल मशीनला लावली. नापास. इंजिनचंच काम निघालं. सध्या ती मुनीरचाचांकडं आहे आणि पार्टची वाट बघते आहे.

तोवर मला साहेबीण कंपनीत सोडते. रोज सकाळी गेटवर गाडी थांबते, आण्णा इंजिन बंद करतात, उतरतात, आणि आयुष्यात कधी नाही ते माझ्यासाठी मागचं दार उघडतात. मी कॉलर सारखी करून ऐटीत खाली उतरतो. जुना वॉचमन खुर्चीवरून ताडकन उठतो आणि कडक सलाम ठोकतो.

आण्णांना.